पाणी नेमकं कुठं मुरतं? फ्रॉन्टिनसचं पुस्तक वाचताना

रोमच्या पाण्याबद्दल कुठलाही व्हिडिओ उघडा, पहिल्या पाच सेकंदांत कमानी येतात. ड्रोन वर जातो, दगडी कमानींची रांग लांबवर पसरते आणि निवेदक सांगतो की दोन हजार वर्षांपूर्वी या लोकांनी डोंगरातलं पाणी शहरात आणलं. सगळं खरं आहे. पण ज्या माणसाकडे या पाण्याचा कारभार होता त्याचं पुस्तक वाचायला घेतलं, तर कमानी फारशा भेटतच नाहीत. भेटतात ते नळ, नळांचे व्यास, हिशेबाच्या वह्या, न जुळणाऱ्या बेरजा आणि एक वैतागलेला साहेब.

या साहेबाचं नाव सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस. तो ब्रिटनचा गव्हर्नर होऊन गेलेला, युद्धातल्या डावपेचांवर पुस्तक लिहिलेला, रोमच्या सगळ्यात वरच्या वर्तुळातला माणूस. इ.स. ९७मध्ये सम्राट नेर्व्हाने त्याला रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमलं. खातं हाती आल्यावर त्याने रोमच्या पाण्याविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं. मूळ लॅटिन, मी ते इंग्रजी भाषांतरातून वाचलं आहे. एका बैठकीत संपतं. निम्म्या पानांवर नुसते अपूर्णांक आहेत. तरीही मला ते रोमन गद्यातल्या सगळ्यात नाट्यमय पुस्तकांपैकी एक वाटतं.

सहसा ते अभियांत्रिकीचा गौरवग्रंथ म्हणून वाचलं जातं. त्याला कारणही आहे. पुस्तकात एका ठिकाणी फ्रॉन्टिनस म्हणतो की इतकं पाणी वाहून आणणाऱ्या या उपयोगी बांधकामांपुढे इजिप्तचे निरुद्योगी पिरॅमिड काय आणि ग्रीकांची नावाजलेली पण निरुपयोगी कामं काय. इंटरनेटवर फ्रॉन्टिनस म्हणून जो फिरतो तो एवढाच. उरलेल्या पुस्तकाचा सूर मात्र वेगळा आहे. ते मला आरोपपत्रासारखं वाचावंसं वाटतं. आणि आरोपपत्र वाचताना जे विचारायचं असतं तेच इथेही विचारायला हवं: आरोप कोणावर आहे, पुरावा काय आहे, मोजमाप कोणी केलं, आणि जबाब कोणाचा घेतलेलाच नाही?

साहेबाची भीती

पुस्तकाची सुरुवात एका कबुलीने होते. फ्रॉन्टिनस सांगतो की नवं काम हाती घेतलं की आधी ते स्वतः शिकून घ्यायची त्याची पद्धत आहे. कारण सभ्य माणसाला हाताखालच्या लोकांच्या सल्ल्याने पद चालवावं लागणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. हाताखालचे लोक जाणकार असतात, अनुभवी असतात, पण ते हातच राहायला हवेत, डोकं साहेबाचं चालायला हवं, असा एकूण रोख.

हे वाक्य वरवर जबाबदार अधिकाऱ्याचं आहे. पण जरा थांबून पाहिलं तर त्यात भीती दिसते. पाणीखातं पिढ्यानपिढ्या कोण चालवत होतं? खात्यात ७०० माणसं होती आणि ती सगळी गुलाम होती. त्यांतले २४० मूळचे अग्रिप्पाच्या खासगी टोळीतले. अग्रिप्पा म्हणजे ऑगस्टस बादशहाचा उजवा हात, शहराच्या पाण्याची घडी बसवणारा. त्याने मरताना ही टोळी ऑगस्टसला दिली आणि ऑगस्टसने ती सरकारजमा केली. उरलेले ४६० पुढे क्लॉडियसने आणलेले, सम्राटाच्या मालकीचे. त्यांच्यात मुकादम होते, पाण्याच्या टाक्यांवरचे राखणदार होते, गस्त घालणारे होते, फरसबंदी उकरून पुन्हा बसवणारे होते, गिलावा करणारे होते. कुठला नळ कुठल्या गल्लीखालून जातो, कुठल्या टाकीला किती भोकं आहेत, कुठली फट कधीपासून गळते, हे त्यांना ठाऊक. खात्याचे प्रमुख येत आणि जात.

म्हणून फ्रॉन्टिनस नकाशे काढून घेतो. नळ कुठून निघतो, दरी कुठे ओलांडतो, नदी कुठे येते, डोंगरउतारावर कुठे सतत डागडुजी लागते, हे सगळं कागदावर. आता खोलीत बसून जागेवर असल्यासारखं बघता येईल, ठरवता येईल, असं समाधान तो व्यक्त करतो. ज्ञान फिल्डवरच्या माणसाच्या डोक्यातून काढून ऑफिसातल्या टेबलावर आणायचं, ही या पुस्तकामागची खरी प्रेरणा आहे. पुस्तक लिहिणं हाच त्या कामाचा शेवटचा टप्पा. आणि ज्या लोकांकडून हे ज्ञान काढून घेतलं त्यांच्यापैकी एकाचंही नाव पुस्तकात येत नाही.

नऊ वाहिन्या आणि जमिनीखालचं रोम

पहिला भाग इतिहासाचा आहे आणि तो सुरेख आहे. शहर वसल्यापासून ४४१ वर्षं लोकांनी तिबर नदी, विहिरी आणि झरे यांवर भागवलं, असं तो सांगतो. मग एकेक वाहिनी येते. इ.स.पू. ३१२मध्ये अप्पिया, २७२मध्ये जुनी आनिओ, १४४मध्ये मार्किया, १२५मध्ये तेपुला, ३३मध्ये युलिया, १९मध्ये वर्गो, २मध्ये अल्सिएतिना. शेवटी क्लॉडिया आणि नवी आनिओ, ज्यांचं काम इ.स. ३८ला सुरू होऊन ५२मध्ये संपलं. एकूण नऊ.

कोरड्या यादीत मध्येच गोष्टी डोकावतात. अप्पियाचे झरे शोधले प्लाऊटियसने, पण नाव लागलं त्याच्या सहकाऱ्याचं, अप्पियस क्लॉडियसचं. दोघेही सेन्सॉर, मुदत अठरा महिन्यांची. अप्पियसही पायउतार होईल या समजुतीने प्लाऊटियसने राजीनामा दिला. अप्पियस मात्र नाना युक्त्या करून वाहिनी पुरी होईपर्यंत खुर्चीला चिकटून राहिला. पाणी एकाने शोधलं, कोनशिला दुसऱ्याची. वर्गोची गोष्ट एका मुलीची आहे. पाणी शोधणाऱ्या सैनिकांना तिने झऱ्याच्या शिरा दाखवल्या, म्हणून वाहिनीचं नाव कुमारिका. आज पर्यटक त्रेवीच्या कारंज्यात नाणी टाकतात ते पाणी त्याच वाहिनीच्या वारशाचं. मुलीचं नाव मात्र लिहिलेलं नाही.

याच भागात कमानींचं कोडं सुटतं. प्रत्येक वाहिनीची लांबी फ्रॉन्टिनस तुकड्यातुकड्याने देतो: जमिनीखाली किती, जमिनीवर किती, कमानींवर किती. मार्कियाची लांबी ६१,७१० रोमन पावलांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे ९१ किलोमीटर. त्यातली ५४,२४७ पावलं जमिनीखाली. दहातला जवळपास नऊ हिस्से. अप्पिया तर ११,१९० पावलांतली फक्त ६० पावलं जमिनीवर. पाणी झाकलेलं बरं: शत्रूला दिसत नाही, उन्हाने तापत नाही, घाण पडत नाही. पाडून तोडायला कमानी सोप्या आणि दुरुस्तीला महाग, हेही खात्याला ठाऊक होतं. कॅमेऱ्याला जे रोम दिसतं ते त्या व्यवस्थेचं टोक. बाकीचं रोम बोगद्यात आहे, आणि फ्रॉन्टिनसचं गद्यही तसंच आहे. डोळ्यांत भरणारं वाक्य एखादंच, बाकी सगळं खालून वाहतं.

क्विनारिया नावाचं माप

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे. रोमन खातं पाणी क्विनारियात मोजायचं. क्विनारिया म्हणजे सव्वा बोट व्यासाचा नळ, आपल्या मापात साधारण २.३ सेंटिमीटर. मोठे नळ या नळाच्या पटीत. नळांची अधिकृत मापं २५, वापरात १५. कोणाला किती पाणी, तर इतक्या क्विनारिया. म्हणजे पाणी मोजायचं ते नळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या कित्येक गावांत आजही नळजोडणी अर्धा इंची की पाऊण इंची यावर वर्षाची पाणीपट्टी ठरते, आणि त्या अर्ध्या इंचातून दिवसाला एक बादली आली की दहा, हे ज्याचं त्याला माहीत. उतारावरच्या घरात धो धो, चढावरच्या घरात थेंब थेंब. नळ तोच.

क्षेत्रफळाचं गणित फ्रॉन्टिनसला पक्कं येत होतं. व्यास दुप्पट झाला की पाणी दुप्पट नव्हे तर चौपट, हे तो बजावून सांगतो. पण नळातून किती पाणी येईल हे तोंडाच्या आकाराइतकंच वेगावरही ठरतं. क्षेत्रफळ गुणिले वेग, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६२८मध्ये मांडली. फ्रॉन्टिनसच्या वहीत वेगाचा रकानाच नाही.

गंमत अशी की वेगाने फरक पडतो हे त्याला कळत होतं. जोरात येणारं पाणी मापापेक्षा जास्त देतं आणि मंद पाणी कमी, असं तो स्वतः लिहितो. नळाचं तोंड टाकीत एका पातळीत बसवावं, वर-खाली नको, प्रवाहाकडे वळवलेलं नको, हेही सांगतो. सिनेटचा एक ठराव तो नमूद करतो: अधिकृत तोंडापुढे पहिल्या ५० फुटांत नळ रुंद करायचा नाही. म्हणजे पुढचा नळ रुंद केला की जास्त पाणी ओढलं जातं हे रोमच्या नळकामगारांना आणि त्यांच्यामुळे सिनेटला अनुभवाने माहीत होतं. हातांना माहीत होतं, पण आकड्यांत मांडता येत नव्हतं.

हा फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा खटला त्यावर उभा आहे.

चोर कोण?

फ्रॉन्टिनस दप्तर उघडतो. सम्राटाच्या नोंदींत नऊ वाहिन्यांची एकूण आवक १२,७५५ क्विनारिया. वाटप १४,०१८. म्हणजे येतं त्यापेक्षा १,२६३ जास्त दिलं जातं. कुठल्याही हिशेबनिसाची झोप उडावी असा आकडा. मग तो स्वतः जाऊन वाहिन्यांच्या उगमाशी मोजमाप करतो आणि त्याला नोंदींपेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्त सापडतात. म्हणजे आता उलटा प्रश्न: इतकं पाणी जर निघतं, तर शहरात पोचतं त्यापेक्षा कमी का? कुठंतरी पाणी मुरतंय.

त्याचं उत्तर तयार आहे. चोरी. नळकामगार चोर, आणि वाहिनीच्या काठाने जमिनी असलेले जमीनदारही चोर, जे बागा भिजवायला वाहिनीलाच भोकं पाडतात.

पुरावे तो देतो आणि ते भक्कम आहेत. काही नळांची मापं अधिकृत मापांशी जुळत नाहीत. ज्या २० नंबरच्या नळाने लोकांना पाणी द्यायचं तो अधिकृत मापापेक्षा लहान, आणि ज्या १०० आणि १२० नंबरच्या नळांनी खातं पाणी घेतं ते मोठे. घ्यायचं माप वेगळं, द्यायचं वेगळं. हा प्रकार आपल्याला वाण्याच्या दुकानाच्या जुन्या गोष्टींतून परिचयाचा आहे. पाण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला की कामगार टाकीला नवं भोक पाडत, जुनं तसंच ठेवत आणि त्यातलं पाणी विकत. रस्त्यांच्या फरसबंदीखालून चोरनळ शहरभर पसरलेले. ते उपटून काढले तेव्हा बरंच शिसं सरकारजमा झालं, असं तो समाधानाने सांगतो. एका जुन्या भाषणाचा हवाला देऊन तो म्हणतो की शेतं, दुकानं, माड्या, अगदी बदनाम घरंसुद्धा अखंड वाहत्या पाण्याने सजली आहेत.

हे सगळं मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो. ते १०,००० क्विनारिया खरंच होते का? उगमाजवळ प्रवाहाचा छेद मोजला, शहराजवळ मोजला. दोन ठिकाणी उतार वेगळा, वेग वेगळा. वेग न मोजता दोन छेदांची वजाबाकी केली, तर एक थेंबही न सांडता हजारोंची तफावत निघू शकते. त्यात गळती. त्यात वाहिनीच्या आतून जमणारा चुनखडीचा थर, जो कठीण होऊन पाण्याची वाट अरुंद करतो. या थराचा उल्लेख तो स्वतःच करतो. यातली किती तूट चोरीची आणि किती मोजपट्टीची, हे त्याच्या आकड्यांवरून ठरवताच येत नाही. चोरी होत होती. पण चोरीचा आकडा म्हणून जो पुढे केला जातो तो चोरीचा आकडा नाही.

१८९९मध्ये क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन जल-अभियंत्याने हे पुस्तक मूळ हस्तलिखिताच्या छायाप्रतीसह इंग्रजीत आणलं. हा तोच हर्शेल ज्याने व्हेंच्युरी मीटर बनवला. नळाचा गळा थोडा आवळायचा, दाबातला फरक बघायचा आणि त्यावरून वाहतं पाणी मोजायचं. फ्रॉन्टिनसच्या वहीत नसलेला रकाना ज्याने भरला, त्यालाच फ्रॉन्टिनसबद्दल इतकी आपुलकी वाटावी याचं मला नवल वाटत नाही. दोघांचा त्रास एकच होता. पाणी दिसतं, पण हिशेबात सापडत नाही.

पुस्तक स्वतःविरुद्धच साक्ष देतं

चांगल्या पुस्तकाची एक खूण मी मानतो. लेखकाला जे सिद्ध करायचं नसतं त्याचाही पुरावा त्यात सापडतो. फ्रॉन्टिनस प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं पुस्तक त्याच्या निष्कर्षापेक्षा मोठं आहे.

उदाहरण घ्या. कामगारांच्या टोळ्यांबद्दल लिहिताना तो सांगतो की त्या मर्जीखातर आणि ढिलाईमुळे खासगी कामांवर वळवल्या जात होत्या. त्याने त्या परत सरकारी कामावर आणल्या, आदल्या दिवशी उद्याचं काम लिहून द्यायचं आणि रोज काय झालं त्याची नोंद ठेवायची, अशी शिस्त लावली. प्रश्न असा: कोणाच्या मर्जीखातर? गुलामाला आपली मर्जी कोणावर करता येत नाही. टोळी खासगी बंगल्यावर जाते ती कोणीतरी बड्याने मागितली म्हणून आणि कोणीतरी अधिकाऱ्याने दिली म्हणून. पुस्तकातला सगळा त्वेष फरसबंदीखालच्या भोकांवर खर्च होतो. ही वरची गळती एका वाक्यात उरकते.

किंवा पाण्याच्या दर्जाची गोष्ट. मार्कियाचं पाणी थंड आणि नितळ, रोमला त्याचा अभिमान. फ्रॉन्टिनसला ते स्नानगृहांत, कपडे धुण्या-खळवण्याच्या कारखान्यांत आणि सांगू नये अशा जागी वापरलेलं आढळलं. दुसरीकडे नवी आनिओ गढूळ, आणि ती इतर वाहिन्यांत मिसळून चांगलं पाणीही बिघडवायची. त्याने पाणी वेगळं केलं: मार्किया फक्त पिण्यासाठी, बाकीचं ज्याच्या त्याच्या लायकीनुसार. अल्सिएतिनाचं पाणी तर पिण्याजोगं नव्हतंच. ते ऑगस्टसच्या नकली नौकायुद्धांच्या तलावासाठी आणि बागांसाठी आणलं होतं. पण पूल दुरुस्तीला निघाले की तिबरपलीकडच्या वस्तीला तेच प्यायला मिळायचं. हे वाक्य तो सहज लिहून पुढे जातो. मी तिथे बराच वेळ थांबलो. कोणती वस्ती पलीकडे राहते आणि पूल बंद झाल्यावर तिच्या वाट्याला कुठलं पाणी येतं, हे शहर समजून घ्यायला कमानींपेक्षा जास्त उपयोगी आहे.

५९१ हौद

पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे वाटपाचा तक्ता, जो बहुतेक वाचक ओलांडून जातात. १४,०१८ क्विनारियांतल्या ४,०६३ शहराबाहेरच संपतात: १,७१८ सम्राटाच्या नावावर, २,३४५ खासगी लोकांना. उरलेल्या ९,९५५ शहरात २४७ टाक्यांमार्फत वाटल्या जातात. त्यांतल्या १,७०७ आणि अर्धी सम्राटाच्या नावावर, ३,८४७ खासगी, ४,४०१ सार्वजनिक. सार्वजनिकमध्ये पुन्हा छावण्या २७९, सार्वजनिक वास्तू २,४०१, शोभेची कारंजी ३८६ आणि ५९१ हौदांना १,३३५.

हे हौद म्हणजे रस्त्याकडेची दगडी कुंडं. घरात नळ नसलेलं रोम, म्हणजे बहुसंख्य रोम, इथे भांडी भरायचं. पाच-पाच मजली चाळींत राहणारे लोक इथून पाणी वर चढवायचे. सबंध पाण्यातला त्यांचा वाटा काढला तर साडेनऊ टक्के येतो. सम्राट आणि खासगी मिळून ६९ टक्क्यांच्या आसपास.

माझाच आक्षेप मला इथेही लावावा लागेल. क्विनारियाने पाणी नीट मोजलं जात नसेल तर साडेनऊ टक्केही नीट नाहीत. शिवाय हे पुस्तक आपल्यापर्यंत एका धाग्यावर लोंबकळत आलं आहे. १२व्या शतकात मोंते कासिनोच्या मठात केलेली एक प्रत, जी १४२९मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनीने शोधून काढली. बाकी सगळ्या प्रती तिच्यापासूनच्या. रोमन आकडे उतरवताना एखादी रेघ इकडची तिकडे व्हायला काय लागतं. तरीही तक्त्याचं मोल कमी होत नाही, कारण तो खात्याचा इरादा सांगतो. प्रत्यक्ष किती पाणी गेलं हे बाजूला ठेवा. आपण कोणाला किती देतो आहोत अशी खात्याची समजूत होती, ते इथे लिहिलं आहे. आणि त्या समजुतीत रस्त्यावरच्या हौदांचा वाटा दहाव्या हिश्शाहून कमी होता.

आता 'चोर' हा शब्द पुन्हा वाचा. खासगी पाणी मिळवायला सम्राटाकडे अर्ज करायचा, त्याचं पत्र आणायचं, मग खात्याने शिक्का मारलेलं पितळी तोंड टाकीत बसवायचं. शिसं वाकतं, ताणतं, म्हणून तोंड पितळी, लांबी बारा बोटांहून कमी नाही. हक्क माणसाला, घर विकलं की संपला. व्यवस्था काटेकोर होती. पण सम्राटापर्यंत पोचणारा अर्ज कोण करू शकतो? ज्याला पत्र मिळालं त्याच्या बागेतलं अखंड उडणारं कारंजं कायदेशीर. ज्याला पत्र मिळणं शक्यच नाही त्या माडीवरच्या भाडेकरूने कामगाराला चार नाणी देऊन घेतलेली धार चोरी. फ्रॉन्टिनस दोन्हींमधला फरक कायद्याने मोजतो, आणि त्याच्या पदावर बसलेल्याने दुसरं काय करावं? पण वाचकावर ते बंधन नाही.

पुस्तकाबाहेरचं पाणी

फ्रॉन्टिनस वाहत्या पाण्याचा लेखक आहे. साठवलेल्या पाण्यात त्याला रस नाही. व्हिया लॅटिनाच्या सातव्या मैलापाशी सहा वाहिन्या आच्छादित कुंडांत उतरतात, गाळ खाली बसतो, तिथेच मोजमाप होतं, एवढं तो सांगतो. एरवी त्याच्या रोममध्ये तोटी बंद करून पाणी साठवणं हा स्वभावच नाही. पाणी अखंड वाहतं, हौद भरून सांडतो, सांडलेलं पाणी गटारं धुऊन नेतं. या सांडपाण्यामुळे शहराची हवा सुधारते, असं त्याचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे.

पण साठवणीचं रोमही होतं. त्यासाठी विट्रुव्हियसचं आठवं पुस्तक शेजारी ठेवावं लागतं. साठवणटाकीसाठी वाळू, चुना आणि गोट्यांची भर कुटून भिंती कशा करायच्या, पाच भाग वाळूला दोन भाग चुना, हे तो सांगतो. टाक्या दोन किंवा तीन जोडून केल्या तर पाणी एकीतून दुसरीत जाताना निवळतं, हेही. जुन्या रोमन घराच्या मधल्या दालनाचं छप्पर चारही बाजूंनी आत उतरायचं, पावसाचं पाणी खालच्या उथळ कुंडात पडायचं आणि तिथून जमिनीखालच्या टाकीत. पॉम्पेईत हे आजही बघता येतं. तिथे वाहिनी आली, रस्त्यावर ४० च्या आसपास कारंजी-हौद झाले, काहींच्या दगडी कडा टेकलेल्या हातांनी झिजलेल्या आहेत. घराखालच्या टाक्या मात्र अनेकांनी बुजवल्या नाहीत. छपरावर पडणाऱ्या पावसासाठी कोणाच्या पत्राची गरज नव्हती.

आणि शिशाचं काय? विट्रुव्हियस म्हणतो की मातीच्या नळाचं पाणी शिशाच्या नळापेक्षा आरोग्याला बरं. शिशाचं काम करणाऱ्यांचे फिकट चेहरे बघा. हा लेखक निदान कामगाराच्या चेहऱ्याकडे बघतो. फ्रॉन्टिनसला शिसं दिसतं ते जप्तीत जमा झालेलं.

साठवणीचा रोमन दिमाख बघायचा तर नेपल्सजवळच्या बाकोलीत पिस्किना मिराबिलिस आहे. टेकडीच्या दगडात कोरलेली, ४८ खांबांची, सुमारे ७० मीटर लांब. मावणारं पाणी १२,६०० घनमीटर, म्हणजे सव्वा कोटी लिटरच्या वर. मिसेनमच्या नौदल तळाजवळ, लांबून आलेल्या वाहिनीच्या टोकाला ती होती. आता कोरडी आहे, आणि लोक तिला देवळासारखी म्हणतात. पण भिंतींवरचा जलरोधक गिलावा हा खरा बघण्याचा भाग. तो लिंपणाऱ्या माणसाला फ्रॉन्टिनसच्या खात्यात एक पदनाम होतं, एवढं तरी आपल्याला माहीत आहे.

मग हे पुस्तक वाचावं का?

वाचावं, आणि सावकाश वाचावं. त्याच्या आधी आणि नंतरही पाण्यावर पुष्कळ लोकांनी लिहिलं, पण खात्याचा प्रमुख बसून आपलं दप्तर उघडं करतो, बेरीज जुळत नाही असं लिहितो, आणि ती का जुळत नाही हे शोधायला चिखलात उतरतो, असं प्राचीन जगातून आपल्या हाती फार थोडं उरलं आहे. चांगल्या सम्राटाचं श्रेय सम्राटाला, दोष आधीच्या राजवटीला आणि खालच्या माणसांना, ही दरबारी वळणं त्यात आहेत. तो स्वतः डोमिशियनच्या काळातही मोठा माणूस होता, हे तिथे आठवत राहतं. तरी आकडे लपवले नाहीत. त्याने ते लपवले असते तर मला हा लेख लिहिता आला नसता. त्याच्यावरचा माझा सगळा आक्षेप त्यानेच पुरवलेल्या रकान्यांतून काढलेला आहे.

पुस्तकाची मर्यादा वेगाचं सूत्र नसण्यात नाही.  मर्यादा अशी की मोजपट्टी अपुरी आहे हे कळत असूनही, उरलेली तूट कोणाच्या नावावर टाकायची हे त्याने आधीच ठरवलं होतं. जिथे माप संपतं तिथे त्याचा संशय सुरू होतो, आणि संशय उतारासारखा वागतो. तो खालच्या दिशेनेच वाहतो. वाहिनीला भोक पाडणारा जमीनदार परिच्छेदात येऊन जातो, फरसबंदीखालचा कामगार मात्र पानोपानी.

पाणीटंचाईची, गळतीची, 'बेहिशेबी पाण्याची' कुठलीही बातमी वाचताना हे पुस्तक हाताशी असावं. बेहिशेबी हा शब्द आला की विचारावं: हिशेबाचं माप काय होतं, ते कोणी ठरवलं, आणि ५९१ हौदांच्या वाट्याला किती आलं?